उटीची वाफेची गाडी: सहकुटुंब जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

उटीला जाऊन ‘टॉय ट्रेन केली’ म्हणणाऱ्या अनेकांनी वाफेचं इंजिन पाहिलेलंच नसतं. आमचंही पहिल्यांदा तसंच झालं. उटीत मुक्काम होता, स्टेशनवर गेलो, कुन्नूरची तिकिटं काढली, सहा जण हौसेने बसलो. गाडी सुटली आणि आठ वर्षांच्या भाच्याने विचारलं, ‘‘मामा, धूर कुठंय?’’ पुढे डिझेल इंजिन होतं. चूक माझीच होती, पण तीच चूक ओळखीतले लोक दर सुट्टीत करतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. या प्रवासात गाडीत बसणं सगळ्यात सोपं. खरं काम त्याआधीच्या दोन महिन्यांत असतं.

टप्पा १: नेमका कोणता तुकडा, कोणत्या दिशेने

कोइमतूरजवळ डोंगराच्या पायथ्याशी असलेलं मेट्टुपालयम ते उटी हा सुमारे ४६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग आहे. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर, उटी २,२०० मीटरवर. मध्ये कुन्नूर. आता हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: वाफेचं इंजिन मेट्टुपालयम ते कुन्नूर एवढंच असतं, कुन्नूर ते उटी डिझेल इंजिन असतं.

घोटाळा असा होतो की कुन्नूर–उटी दरम्यान दिवसातून बऱ्याच गाड्या आहेत आणि त्यांची तिकिटं सहज मिळतात. डबे तेच निळे-पिवळसर, फोटोही छान येतात. खालून वर येणारी वाफेची नेहमीची गाडी मात्र दिवसाला एकच: सकाळी ७.१० ला मेट्टुपालयमहून सुटते, साडेदहाच्या सुमारास कुन्नूरला आणि बाराच्या आसपास उटीला पोचते. परतीची दुपारी २ वाजता उटीहून निघून साडेपाच-पावणेसहाला खाली येते. उन्हाळ्यात जादा विशेष गाड्याही सोडतात, त्यांचं भाडं जास्त असतं.

दिशा कोणती? चढतीची. शक्य असेल तर दुसरा विचार करू नका. वर जाताना इंजिनाला खरी मेहनत पडते, त्याचा आवाज, पाण्यासाठीचे थांबे, वाफ हे सगळं चढतानाच अनुभवायला मिळतं. उतरताना बराचसा खेळ ब्रेकचा. उतरतीची गाडी ही दुसरी पसंती, पहिलीचं तिकीट नाही मिळालं तर.

लहान मूल किंवा गुडघे धरलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर पाच तास जड जातात. त्यांच्यासाठी मेट्टुपालयम–कुन्नूर एवढंच तिकीट काढा. वाफेचा भाग पूर्ण होतो, साडेतीन तासांत सुटका होते, कुन्नूरहून उटी रस्त्याने तासाभरात गाठता येते. आमच्या आईला दुसऱ्या खेपेला असंच नेलं. ती कुन्नूरच्या फलाटावर उतरली तेव्हा ‘अजून थोडं चाललं असतं’ म्हणाली. प्रवास संपवावा तो अशाच वेळी.

> तपासा: तिकिटावर सुरुवातीचं स्टेशन मेट्टुपालयम आहे का? ‘कुन्नूर ते उदगमंडलम’ (म्हणजे उटी) दिसत असेल तर ती वाफेची गाडी नाही.

टप्पा २: महिना. दिवाळीची सुट्टी इथे फसवते

आपल्याकडे पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि दिवाळीला आकाश मोकळं. निलगिरीच्या या उतारावर हिशेब वेगळा आहे. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. दरडी कोसळतात, रुळांवर माती येते आणि मेट्टुपालयम–कुन्नूर हाच भाग बंद ठेवावा लागतो, कधी एक-दोन दिवस, कधी बरेच दिवस. म्हणजे शाळांना सुट्टी, दोन महिन्यांपूर्वी काढलेलं तिकीट हातात, आणि गाडी रद्द. दरवर्षी असं होईलच असं नाही, पण मुलांना शब्द देऊन ठेवण्याजोगा तो काळ नव्हे.

जानेवारी ते मार्च सगळ्यात भरवशाचा. थंडी कडक असते, आकाश स्वच्छ असतं. एप्रिल-मे मध्ये हवा सुंदर, पण निम्मा दक्षिण भारत तिथेच लोटलेला असतो आणि तिकिटांची मारामारी. जून-जुलैत ढग उतरले की दरीच्या जागी पांढरा पडदा दिसतो.

दिवाळीलाच जायचं असेल तर गाडी हा सहलीचा मुख्य बेत ठेवू नका. गाडी रद्द झाली तरी रस्त्याने वर जाता येईल अशी जुळणी आधीच करा, आणि निघण्यापूर्वी दोन दिवस दक्षिण रेल्वेच्या सूचना पाहत राहा.

टप्पा ३: तिकीट

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१. स्टेशनचं नाव. आयआरसीटीसीवर ‘उटी’ शोधण्यात वेळ घालवू नका. उटीचं अधिकृत नाव उदगमंडलम, कोड यूएएम. मेट्टुपालयमचा कोड एमटीपी, कुन्नूरचा ओएनआर. कोड टाकून शोधलं की गोंधळ राहत नाही.

२. तारीख मोजणं. आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं, आणि जुने लेख वाचून लोक अजून चार महिने आधी शोधत बसतात. प्रवासाचा दिवस त्या ६०मध्ये धरत नाहीत. म्हणजे १५ जानेवारीच्या गाडीचं आरक्षण १६ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडेल. कॅलेंडरवर खूण करा, आणि आदल्या दिवशी एकदा शोधून बघा, म्हणजे मोजणीतली चूक वेळेवर कळते.

३. खातं आधीच तयार. आरक्षण उघडल्यावर सुरुवातीला आधारने पडताळलेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट काढता येतं. ही जोडणी आठवडाभर आधी करून ठेवा. प्रवाशांची नावं आणि वयं ‘मास्टर लिस्ट’मध्ये भरून ठेवा, आठच्या ठोक्याला आजींचं जन्मवर्ष विचारायला कुणाला फोन लावायचा नसतो.

४. सहाची मर्यादा. एका तिकिटावर सहाच प्रवासी. आठ जणांचा गोतावळा असेल तर दोन तिकिटं होतील, आणि डबे किंवा कप्पे वेगळे मिळू शकतात. म्हणून पाच अधिक तीन असं विभागताना प्रत्येक तिकिटात एक धडधाकट मोठा माणूस आणि मुलांपैकी प्रत्येकाचा एक पालक येईल असं बघा. आम्ही एकदा चार मोठे एका तिकिटावर आणि सगळी मुलं आजोबांबरोबर दुसऱ्यावर घातली होती. आजोबा उटीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

५. वर्ग. पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग (आसन), असे दोन. पहिल्या वर्गात जागा मोजक्या, बसायला ऐसपैस. दुसऱ्या वर्गात समोरासमोरची बाकं आणि गुडघ्याला गुडघे. देखावा दोन्हीकडे सारखाच. वयस्कर माणसं असतील तर पहिला वर्ग घ्या, नुसती तरुण मंडळी आणि मुलं असतील तर दुसऱ्यात जास्त मजा येते.

६. मुलं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. साडेचार वर्षांचा मुलगा पाच तास मांडीवर बसेल का, हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर त्याच्यासाठीही पूर्ण तिकीट काढून जागा घ्या.

> सावध: ‘चौघे कन्फर्म, दोघे वेटिंग’ असलं तिकीट या गाडीला घेऊ नका. उभं राहायला जागा नसते, डब्यातून डब्यात जाता येत नाही आणि पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. सहाही जागा मिळत नसतील तर तारीख बदला.

स्टेशनवर सकाळी अनारक्षित तिकिटंही मिळतात, पण ती अगदी थोडी आणि रांग पहाटेपासून. एकट्यादुकट्याने हा डाव खेळायला हरकत नाही. कुटुंब घेऊन नको.

टप्पा ४: आदली रात्र

सकाळी ७.१० म्हणजे कुटुंबाच्या हिशेबाने पहाट. आदल्या रात्रीचा मुक्काम मेट्टुपालयममध्येच करा. कोइमतूर तिथून ३५ किलोमीटरवर आहे, म्हणजे तिथे राहिलात तर मुलांना साडेचारला उठवावं लागेल. उटीत राहून पहाटे घाट उतरून यायचा बेत तर सरळ खोडून टाका. वळणांत ओकून दमलेलं मूल वाफेच्या गाडीत झोपून जातं.

महाराष्ट्रातून दोन वाटा. मुंबईहून कोइमतूरला थेट विमान आहे. किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसहून पुणे, सोलापूरमार्गे जाणारी कोइमतूर एक्सप्रेस, तिला दोन रात्री लागतात. कोणत्याही वाटेने पोचलात तरी उतरल्या उतरल्या घाटगाडी पकडायचा अट्टहास नको. मध्ये एक पूर्ण रात्र ठेवा. चेन्नईहून येत असाल तर मात्र सोय चांगली आहे. नीलगिरी एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सव्वासहाच्या सुमारास थेट मेट्टुपालयमला येते, तिच्यातून उतरून समोरच्या छोट्या गाडीत बसता येतं.

टप्पा ५: सामान

बाहेरून दिसतो त्याहून डबा लहान असतो. चाकांची मोठी बॅग बाकाखाली जात नाही, मग ती कुणाच्या तरी पायांवर बसते. दोनच मार्ग: भाड्याची गाडी केली असेल तर मोठं सामान ड्रायव्हरबरोबर रस्त्याने वर पाठवा, किंवा कोइमतूर जंक्शनच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावून ठेवा आणि दोन दिवसांचे कपडे पाठपिशवीत घ्या.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- स्वेटर, प्रत्येकाचा. मेट्टुपालयमला घाम येत असतो म्हणून लोक ते मोठ्या बॅगेत टाकतात. कुन्नूरच्या आसपास दात वाजायला लागतात.
- स्टीलच्या बाटल्या. निलगिरी जिल्ह्यात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे आणि त्यात पाण्याच्या बाटल्याही येतात. तपासणी होते, दंड होतो.
- गडद कपडे. काजळी उडते. पांढरा कुर्ता घालून आलेल्या माणसाकडे सगळे कौतुकाने बघतात, उतरताना नाही बघत.
- ओला रुमाल, आणि डोळ्यांत कण गेला तर धुवायला पाणी. चोळू नका.
- खाणं हातात धरून खाता येईल असं: दशम्या, चटणी लावून गुंडाळलेल्या पोळ्या, लाडू. रस्सा, दही, सोलायची संत्री नकोत. समोरच्या माणसाचे गुडघे अर्ध्या फुटावर असतात.

टप्पा ६: फलाटावर

साडेसहाला फलाटावर हवेत. पहिलं काम बाथरूम. गाडीत शौचालय नाही, ते वाटेतल्या स्टेशनांवर आहे. मुलांना ‘लागली नाही’ तरी पाठवा.

दुसरं काम इंजिन शोधणं. ते पुढे सापडणार नाही, कारण ते गाडीच्या मागे असतं आणि डबे वर ढकलत नेतं. पुणे-मुंबईकरांना हे समजावणं सोपं आहे: कर्जतला घाट चढण्यासाठी मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात ना, तसं. फरक एवढाच, की बोर घाटाचा चढ १:३७ आहे आणि हा १:१२, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. नुसत्या गुळगुळीत रुळांवर चाकं इथे घसरतील, म्हणून कल्लारपासून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत आणि इंजिनाची दातेरी चाकं त्यांत अडकून वर सरकतात. मुलांना हे गाडी सुटण्यापूर्वीच इंजिनाजवळ नेऊन दाखवा. वाटेतल्या थांब्यांवर तेवढा वेळ पुरत नाही.

इंजिन मागे असल्याचा बसण्याशीही संबंध आहे. पुढच्या डब्यांत धूर कमी, समोरचा रूळ दिसतो. मागच्या डब्यात इंजिनाचा आवाज छातीत ऐकू येतो आणि काजळीही जास्त. दम्याचा त्रास असलेल्यांना पुढच्या डब्यात जागा मिळाली तर बरं. ज्याला गाडी लागते त्याला प्रवासाच्या दिशेने तोंड करून बसवा. डाव्या-उजव्या खिडकीवरून मात्र भांडू नका. सबंध मार्गावर २०८ वळणं आहेत आणि दरी दोन्हीकडे हजेरी लावून जाते. मुलांना तासातासाने जागा बदलायला लावा.

> तपासा, गाडी सुटण्यापूर्वी: मूळ ओळखपत्र जवळ आहे, दार नीट लागलं आहे, दाराशेजारी मोठा माणूस बसला आहे. प्रत्येक कप्प्याचं दार थेट बाहेर उघडतं.

टप्पा ७: चढण

सुटल्यावर लगेच भवानी नदीचा पूल लागतो, मग सुपारीच्या बागा. पहिले सात-आठ किलोमीटर सपाट आणि गाडी बऱ्यापैकी पळते. नेमक्या याच वेळात लोक सगळे फोटो काढून टाकतात. फोनची बॅटरी कल्लारनंतरसाठी ठेवा.

कल्लारला गाडी थांबते आणि तिथून दातेरी रूळ सुरू होतो. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरवर येतो, बसायची ढब बदलते, आवाजही बदलतो. प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला एक ब्रेकवाला उभा असतो. मागच्या इंजिनचालकाला पुढचा रूळ दिसत नाही, म्हणून ही माणसं झेंड्यांनी खुणा पोचवतात. मुलांना त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगा, अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

मार्गावर १६ बोगदे आहेत. बोगद्यात अख्खी गाडी किंचाळते, ही इथली रीतच आहे, तान्हं बाळ दचकू नये म्हणून आधी कान झाका. बोगद्याच्या भिंती खिडकीच्या फारच जवळ असतात, तेव्हा हात, डोकं आणि सेल्फीची काठी आत.

इंजिनाला पाणी लागतं, म्हणून गाडी वाटेत थांबे घेते. त्यांतला कुटुंबासाठी महत्त्वाचा थांबा हिलग्रोव्ह. चहा-कॉफी, वडे, शौचालय, आणि माकडं. क्रम असा ठेवा: गाडी थांबताच एक मोठा माणूस मुलांना घेऊन आधी शौचालयाकडे, दुसरा चहाला, तिसरा डब्यात सामान राखायला. खाण्याच्या पिशव्या पाठपिशवीच्या आत, चेन लावून, खिडकी बंद. रिकाम्या डब्यात माकड शिरलं की आधी धपाट्यांचा फडशा पाडतं आणि मग चष्म्याकडे वळतं. त्याच्या हातातून काहीही परत घ्यायला जाऊ नका.

> सावध: थांबा साधारण दहा मिनिटांचा. शिट्टी झाली की फोटो अर्धा टाकून चढा. गाडी हळू आहे म्हणून चालतीत चढू असा विचार करू नका. खाली दरी असते आणि फलाट संपलेला असतो.

हिलग्रोव्हनंतर झाडी विरळ होते, खडकाचे कडे उघडे पडतात. माझ्या मते संपूर्ण प्रवासातला सर्वात चांगला तास हाच, आणि नेमकं याच वेळी पोट भरल्यामुळे मुलं झोपतात. म्हणून जेवणाचा डबा कुन्नूरपर्यंत उघडू नका, हिलग्रोव्हला चहा-बिस्किटांवर भागवा.

टप्पा ८: कुन्नूर आणि पुढे

कुन्नूरला वाफेचं इंजिन निघून डिझेल लागतं. इथे गाडी पुरेशी थांबते. इंजिन सुटताना पाहा, मग डबा उघडा, स्वेटर चढवा. गाडी निघताना आधी उलट दिशेने सरकते आणि मग उटीच्या मार्गाला लागते. ‘परत खाली चाललो की काय’ म्हणून घाबरायचं कारण नाही.

पुढचा भाग निवांत: वेलिंग्टनची छावणी, अरुवनकाडूचा कॉर्डाइट या स्फोटक दारूचा कारखाना, केट्टीची मोकळी दरी, लव्हडेल, उटी. दमलेल्यांनी इथे झोपावं.

टप्पा ९: परत

त्याच दिवशी दुपारी २ च्या गाडीने परतायचा बेत करू नका. साडेआठ तास त्याच बाकावर बसणं मुलांनाही सोसत नाही. एक-दोन दिवस राहून रस्त्याने उतरा. उटीहून मेट्टुपालयम आणि कोइमतूरला सरकारी बस भरपूर आहेत.

एक शेवटची गोष्ट, बहुतेक जण विसरतात ती. खासगी किंवा भाड्याच्या गाडीला निलगिरी जिल्ह्यात शिरायला मे २०२४ पासून ई-पास लागतो. तुम्ही रेल्वेने वर गेलात तर तुम्हाला नको, पण सामान घेऊन रस्त्याने येणाऱ्या ड्रायव्हरला हवा. वाहनांच्या संख्येला मर्यादा असते, म्हणून सुट्टीच्या दिवसांत तो उशिरा काढून चालत नाही. पास नसेल तर ड्रायव्हर खाली नाक्यावर आणि तुम्ही वर थंडीत, अशी गत होते. तिकीट कन्फर्म झालं की त्याच आठवड्यात ड्रायव्हरला फोन करून पासचं विचारा आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याची प्रत स्वतःच्या फोनवर मागवून घ्या.